सूत्राबाहेरचा रकबा

फेब्रुवारी लागला की गंगाखेडच्या रस्त्यावर दोन गोष्टींची दाटी होते. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बारावीची पोरं. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं वाजत असतात, मागे पाचट सांडत जातं आणि त्या पाचटावरून सायकली, स्कूट्या, पाठीवरची फुगलेली दप्तरं. हवेला मळीचा आंबूस-गोड वास. सकाळी अंगात स्वेटर लागतो आणि दुपारी ऊन मानेला चटका देतं. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. या दिवसांत स्टाफरूममध्ये, बसस्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, जिथं जावं तिथं एक वाक्य कानावर पडतं.

"इंटिग्रेशन ऑप्शनला टाक."

म्हणजे सोडून दे. पेपरात तेवढे प्रश्न सोडले तरी पास होतोस, कशाला डोकं लावतोस. सांगणारे बहुतेक वेळा मोठी माणसंच असतात, आणि ऐकणाऱ्या बहुतेक वेळा मुली. मला वाटायचं, वयानुसार या वाक्याची सवय होईल. झाली नाही. अजूनही ते ऐकलं की कानशिलं तापतात. परवा झेरॉक्सच्या दुकानात एक काका आपल्या पुतणीला हेच सांगत होते. मी ओळखदेख नसताना मध्ये बोलले, "टाकू नको गं." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या बांधावरचं झाड तोडलं.

इंटिग्रेशनची भीती मला कळते. त्याच्या उलट बाजूला जे विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन असतं, त्याची कुणाला भीती वाटत नाही. विकलनाला नियम आहेत. नियम लावत गेलं की उत्तर येतं, ते कितीही लांबलचक असो. इंटिग्रेशनमध्ये प्रश्न उलटा विचारलेला असतो. हे उत्तर आहे, आता सांगा, कशाचं विकलन केल्यावर हे आलं? तिथं ठरलेली वाट नसते. अंदाज करायचा, करून पाहायचं, फसायचं, खोडायचं. ज्यांना पहिल्याच फटक्यात बरोबर येण्याची सवय लावलेली असते, त्या मुलांना ते नकोसं होतं.

मी बारावीत होते तेव्हा आम्ही पोखर्णीला राहत होतो. माय आमचं तीन एकर रान बघायची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. गावाच्या भाषेत मोजणीवाले. दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात असले की मध्ये साखळी धरून उभा राहणारा माणूस. ते घरी फार बोलत नसत. बोलण्याचा सगळा साठा बहुधा बांधावरच संपत असावा.

मी सकाळच्या एसटीनं परभणीला जायची. आधी कॉलेज, मग दुपारी गणिताचा क्लास. थंडीच्या दिवसांत बसची वाट बघत उभं असताना रस्त्याकडेच्या हरभऱ्याचे डहाळे तोडून तोंडात टाकायची. पानांवरची आंब ओठांना झोंबायची. ती आंबट चव आणि इंटिग्रेशन या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतक्या एकत्र मिसळल्यात, की आजही वर्गात तो धडा काढला की जिभेच्या कडांना पाणी सुटतं.

क्लास पत्र्याच्या एका लांबट हॉलमध्ये भरायचा. मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला. शिकवणाऱ्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. सर वाईट शिकवत नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं. त्यांचा फळा बघत राहावा असा. त्यांनी इंटिग्रेशनचे टाइप पाडले होते. हा टाइप दिसला की ही युक्ती, तो दिसला की ती. मुलं टाइप पाठ करायची. मला मात्र एक खोड होती. मी विचारायची, "सर, पण हीच युक्ती लावायची, हे आधी कुणाला कसं सुचलं?" सुरुवातीला ते हसायचे. दिवाळीनंतर हसेनासे झाले.

जानेवारीतली गोष्ट. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्योतीनं उत्तर काढलं होतं, साइन स्क्वेअरचं अर्धं. सरांचं उत्तर वेगळं होतं, त्यात कॉस टू एक्स होतं. सरांनी तिच्या वहीवर लाल फुली मारली.

"गाइड बघत जा जरा," ते म्हणाले.

ज्योती चुडाव्याहून रेल्वेनं यायची, आधीच बुजरी. ती खाली मान घालून आपलं बरोबर उत्तर खोडायला लागली. मी उठले.

"सर, दोन्ही बरोबर हायत."

"कसं काय?"

"दोन्हींचं विकलन करून बघा. एकच येतंय. दोन उत्तरांत फरक फक्त पावाचा हाय, पाव म्हणजे एक छेद चार. तो शेवटच्या प्लस सी मध्ये जातोय."

इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे जी 'अधिक सी' लिहितात, ती स्थिर संख्या याचसाठी असते. एकाच प्रश्नाची उत्तरं वरवर वेगळी दिसू शकतात, हे ती कबूल करते. सरांना हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. घाईत विसरले असतील. पण मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं "वा!" म्हणालं, आणि हॉल हसला.

दुसऱ्या दिवशी सर आले, खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक इवलंसं गणित लिहिलं. ई रेझ्ड टू मायनस एक्स स्क्वेअर. त्याच्यामागे इंटिग्रेशनचं उभं लांबडं चिन्ह.

"शुभांगी, हे उतरून घे. तू लय हुशार हायस ना? हे सोडवून आण. आणि हे सुटेपर्यंत क्लासमध्ये तोंड उघडायचं न्हाई. एकही प्रश्न विचारायचा न्हाई."

सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उतरून घेतलं. एवढंसं तर आहे, मला वाटलं, उद्या आणते.

उद्या आलं नाही. परवाही नाही. एक्स स्क्वेअरच्या जागी टी ठेवून पाहिलं, तर खाली वर्गमूळ येऊन बसलं आणि गणित आणखी अवघड झालं. दोन भागांत फोडून पाहिलं, तर हव्या त्या गोष्टीऐवजी एक्स स्क्वेअर चिकटलेली तीच गोष्ट पुन्हा समोर. मग अंदाजानं उत्तर लिहून त्याचं विकलन करायला लागले. एकदा तर जवळजवळ जमलंच. खाली टू एक्स घेऊन एक उत्तर लिहिलं, विकलन केलं, तर हवं ते अख्खं आलं, पण सोबत एक शेपूट आलं. ते शेपूट घालवायला दुसरं पद घेतलं, तर त्याला नवीन शेपूट. तिसरं घेतलं, त्यालाही. बसमध्ये, ओसरीवर, करडईच्या काढणीला माय गेली की तिच्यासोबत रानात, माझं हेच. करडईच्या काट्यांसाठी बाया हाताला चिंध्या बांधायच्या. मी बांधावर बसून हाताच्या उघड्या बोटांनी वही भरत होते.

"काय करायलीस गं दिवसभर?" माय विचारायची. "केमिस्ट्री कधी करणार हायस?"

क्लासमध्ये मी गप्प. शंका आली की गिळायची. सर मुद्दाम फळ्यावर काहीतरी अर्धवट सोडून माझ्याकडे बघायचे. रोज कुणीतरी विचारायचं, "आलं का?" पुढे पुढे तो क्लासचा खेळच झाला. आत शिरलं की मागून "आलं का, आलं का" असा सूर. मला सगळ्यात जास्त टोचायचं ते वेगळंच. माझ्यासोबत बाकीच्या मुलीही प्रश्न विचारायच्या थांबल्या होत्या. फळ्याच्या कोपऱ्यात ते गणित सरांनी तसंच ठेवलं होतं, पुसत नव्हते, आणि ते फक्त माझ्यासाठी नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं.

सराव परीक्षा झाली. केमिस्ट्रीत मी जेमतेम काठावर, बायोलॉजीत त्याहून थोडी वर. मायनं गुणपत्रिका बघितली, घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "त्या एका गणितापायी तू वर्ष घालवायलीस." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज कुणीही ते गणित फोनवर टाकलं तर दोन मिनिटांत कळेल. तेव्हा आमच्या घरी बटणांचा एकच फोन होता आणि तो अण्णांच्या खिशात असायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. तिथल्या बाईंना म्हणाले, मला बी.एस्सी.ची पुस्तकं बघायची आहेत. नियमानं बारावीला ती मिळत नसत. बाईंनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "इथंच बसून बघ. घरी न्यायचं न्हाई."

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात, एका पानाच्या तळाशी, माझं गणित सापडलं. बारीक अक्षरात एकच वाक्य होतं. याचं इंटिग्रेशन 'एलिमेंटरी' फलांच्या रूपात मांडता येत नाही. मी शब्दकोश काढला. एलिमेंटरी म्हणजे प्राथमिक. मला वाटलं, प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथीच्या गणितानं जमत नाही, बारावीच्या गणितानं जमेल! पुढचं पान वाचल्यावर अर्थ लागला. आपल्याला जी जी सूत्रं शिकवतात, घातांक, लॉग, साइन, कॉस, वर्गमूळ, ती सगळी कशीही एकत्र केली तरी हे उत्तर त्यांतून तयार होत नाही. आजवर कुणाला आलं नाही असं ते नव्हतं. कधीच कुणाला येणार नाही, हे सिद्ध झालेलं होतं.

मला रडू आलं नाही. मी पुस्तक मिटलं, बाईंना दिलं आणि बसस्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत एकच गोष्ट डोक्यात आपटत होती. सरांना हे ठाऊक होतं.

रविवारी अण्णा ओसरीवर नकाशे पसरून बसले होते. मी त्यांच्यासमोर वही टाकली.

"हे सुटतच न्हाई अण्णा. पुस्तकात लिहिलंय. आणि सरांना आधीपासून माहीत होतं."

त्यांनी चष्मा वर केला. "हाय काय हे?"

इंटिग्रेशन म्हणजे शेवटी वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणून मी त्यांना वक्र काढून दाखवला. शून्यावर उंची एक, मग दोन्हीकडे उतरत गेलेली एक टेकडी.

"ह्याच्या खालचा रकबा पाहिजे व्हय?" अण्णांच्या कार्यालयात निजामाच्या काळापासून क्षेत्रफळाला रकबाच म्हणत आलेत.

"रकबा न्हाई, सूत्र पाहिजे."

"सूत्र कशाला पाहिजे?"

"रकबा काढायलाच."

"मग रकबाच काढ की." ते सरळ बसले. "गोदाकाठच्या जमिनीला कोणतं सूत्र हाय? नदीनं खात नेलेली कड असती, वाकडीतिकडी. म्हणून काय मी कागदावर रकबा न्हाई असं लिहितो? सूत्र न्हाई म्हणून जमीन न्हाई, असं कुठं असतंय?"

त्यांनी चौकटींचा कागद काढला. शून्यापासून एकापर्यंतच्या अंतराचे आम्ही दहा पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांची उंची काढायची, सरासरी घ्यायची, रुंदीनं गुणायचं. मी लॉगच्या तक्त्यातून उंच्या काढत होते, अण्णा कार्यालयातल्यासारखे आकडे मोठ्यानं वाचत बेरीज करत होते. माय भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "आता बापही लागला नादी." ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास ओसरीवर येत होता आणि आमची बेरीज खाली खाली उतरत होती. शून्य पूर्णांक सातशे सेहेचाळीस. मी दोनदा तपासलं. पुढे बी.एस्सी.ला संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी मला याच टेकडीच्या क्षेत्रफळांचा तक्ता भेटला. जगभर लोक रोज तो वापरतात, सूत्र नसतानाही. त्यावरून हिशेब केला, तर नेमका आकडा चौथ्या स्थळापर्यंत ०.७४६८ निघाला. दहाच पट्ट्यांत आम्ही त्याच्या उंबरठ्यावर पोचलो होतो.

सोमवारी मी क्लासमध्ये शिरले. "आलं का?" मागून सूर आला.

"आलं," मी म्हणाले.

सर म्हणाले, "काय, सुटलं?" मी पुढे जाऊन खडू घेतला. कोपऱ्यातल्या त्या गणिताखाली आकडा लिहिला आणि वर्गाकडे तोंड करून सांगितलं. हे आपल्या कुठल्याच सूत्रात बसत नाही, कधी बसणारही नाही, पण शून्यापासून एकापर्यंत याचं क्षेत्रफळ एवढं आहे.

मला वाटलं होतं, सर चिडतील. ते हसले. टाळ्या वाजवल्या.

"शाबास! हेच बघायचं होतं मला. मुद्दामच दिलं होतं. अशीच पोरं पुढं जातात."

त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर, क्षणभर मलाही बरं वाटलं. तीन आठवडे टोमणे ऐकल्यावर टाळी गोड लागते. खाली बसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण ज्योतीकडे नजर गेली. तिच्या समोरच्या वहीत लाल फुलीचं पान तसंच होतं.

"सर, मग मला गप्प कशाला बसवलं?"

"क्लासला शिस्त असती."

"ज्योतीचं उत्तर बरोबर होतं. ते तुम्ही तिला अजून सांगितलं न्हाई."

त्यांचं हसू गेलं. "बस खाली."

"न्हाई सर."

"मग बाहेर जा."

"जाते."

मी दप्तर उचललं. पत्र्याच्या त्या हॉलमधून दारापर्यंतचं अंतर एवढं लांब असेल, असं आधी कधी वाटलं नव्हतं. मागून कुणी आलं नाही. ज्योतीही नाही. तिला मी दोष देत नाही. तिला त्या परीक्षेची माझ्याइतकीच गरज होती, आणि पुढचे सगळे दिवस ती आपल्या वह्या कॉलेजात मला आणून देत राहिली. मी बसमध्ये जाऊन बसले. बोटांना खडू होता, तो मी ओढणीला पुसत राहिले. पोखर्णी येईपर्यंत मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली होती. परीक्षा तोंडावर, आणि मी क्लास सोडून आले होते.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गेलीस ते बरं केलंस. पण आता नापास झालीस तर तो माणूस दहा ठिकाणी सांगंल. ते मला चालणार न्हाई. बस आणि कर." केमिस्ट्रीचं पुस्तक तिनंच कपाटातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी बसले आणि केलं. शनिवारी नरसिंहाच्या देवळाकडे जाणाऱ्यांची गर्दी आमच्या दारावरून वाहायची, घंटा, नारळ, पोरांची रडारड. मी ओसरीच्या आतल्या भिंतीकडे तोंड करून बसायची. आता टाइप पाठ करायचे नव्हते. कुठल्या गणिताशी कसं भिडायचं, ते माझं मलाच ठरवायचं होतं, आणि त्या अवघड गणितानं मला तीन आठवडे नेमकं तेच शिकवलं होतं. कसं फसायचं आणि फसल्यावर वही न मिटता दुसरीकडून कसं शिरायचं. गणितात मला चौऱ्याण्णव गुण मिळाले.

हल्ली इंटिग्रेशन सुरू करताना पहिल्याच तासाला मी तेच गणित फळ्यावर लिहिते. मुलांना सांगते, हे सूत्रानं सुटत नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. आता बाकीच्यांना भिडू. मग विचारा काय विचारायचं ते. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही. "मॅडम, मुलं घाबरतात," म्हणतात. मुलं गणिताला घाबरत नाहीत. विचारल्यावर काय होईल, याला घाबरतात. हे मी स्टाफरूममध्ये अनेकदा बोलले आहे, आणि निवृत्त होईपर्यंत बोलणार आहे.

त्या वर्षी निकालानंतरच्या आठवड्यात परभणीच्या बसस्टँडबाहेर एक मोठा फ्लेक्स लागला. वर सरांचा हसरा फोटो, खाली ओळीनं यशस्वी विद्यार्थी, आणि त्यात मी. प्रवेशाच्या फॉर्मवरचा फोटो, चापूनचोपून तेल लावलेल्या दोन वेण्या. खाली गणितातले गुण आणि 'सरांच्या मार्गदर्शनाचे फळ'. शेजारच्या चौकटीत ज्योती.

मी क्लासवर गेले. "सर, माझा फोटो काढा."

"अगं, तुझंच नाव झालं की! लोकांचे आईबाप फोटो लावा म्हणून मागं लागतात."

"माझा काढा. मी क्लास सोडला होता."

"एका फोटोसाठी अख्खा फ्लेक्स उतरवू?"

"नका उतरवू. माझ्यापुरतं मी बघते."

मला वाटलं, अण्णा नको म्हणतील. सगळी हयात त्यांनी भांडणं मिटवण्यात घातली होती. त्यांनी सगळं ऐकलं, कार्यालयाच्या पिशवीतून कागद कापायची पात्याची सुरी काढली आणि माझ्यासोबत बसनं आले. भर दुपारी, शेकडो माणसांच्या देखत, चहावाल्याकडून एक लाकडी स्टूल मागून घेतलं. स्टूल डुगडुगत होतं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी वर चढले. लोक थांबून बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, काय करायलात?"

"आमचं हाय, आमी नेतोय," अण्णा त्याला म्हणाले. मग वर न बघता, बांधावर बोलावं तशा आवाजात मला म्हणाले, "सरळ रेषेत काप. शेजारणीच्या हद्दीत जाऊ नको."

मी चारी बाजूंनी सरळ कापलं. ज्योतीच्या चौकटीला धक्का लागू दिला नाही.